पोटात दुखतंय, बाई

सकाळची प्रार्थना होऊन हजेरी चाललेली असते. तिसरीतली एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहते आणि म्हणते, "बाई, पोटात दुखतंय." बाई विचारतात, सकाळी काय खाल्लं होतंस? मुलगी नुसती मान हलवते. बाई तिला भिंतीला टेकून बसवतात, पाणी देतात, मधल्या सुट्टीपर्यंत बरं वाटलं नाही तर घरी जायला सांगतात. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. चौथ्या खेपेला बाईंच्या लक्षात येतं की हे दुखणं वार धरून येतंय. गुरुवार हा गावच्या बाजाराचा दिवस. आई भाजीची पाटी घेऊन बाजारात बसते, दिवेलागणीला परतते, आणि तोवर मुलगी एका नातेवाइकाच्या घरी असते. म्हणजे पोट दुखतंय म्हणून ज्या ज्या दिवशी बाईंनी तिला लवकर सोडलं, त्या त्या दिवशी तिला नेमकं तिथंच पाठवलं.

ही गोष्ट कुणा एका मुलीची नाही. प्रशिक्षणाच्या वेळी जेवणाचा डबा उघडल्यावर, आवाज खाली आणून शिक्षकांनी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी मिळून ती तयार झाली आहे. वार बदलतो, नातं बदलतं, मुलीच्या जागी मुलगा असतो. पोटदुखी मात्र पुष्कळदा असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला भीती, किळस, शरम हे सगळं शरीरातच जाणवतं आणि शरीराचं जे दुखणं सांगायची त्याला मुभा आहे तेवढंच ते सांगतं. पोट दुखतंय म्हटलं तर कुणी रागावत नाही. बाकीच्या गोष्टी बोलायला तर आपण त्याला शब्दच दिलेले नसतात. नाक, कान, गुडघा, कोपर ही नावं बालवाडीत गाण्यातून शिकवली जातात. बेंबीच्या खाली आलं की आपली भाषा गप्प होते, किंवा 'शूची जागा' म्हणून मोकळी होते. ज्या अवयवाला नाव नाही त्याच्याबद्दल तक्रार कशी करायची? मुंबईतली 'अर्पण' ही संस्था २००६ पासून शाळांमध्ये व्यक्तिगत सुरक्षिततेचं शिक्षण देते. अशा शिक्षणाची सुरुवात साधारणपणे इथूनच होते, शरीराच्या प्रत्येक भागाला त्याचं नाव देण्यापासून. पालकांना आधी अवघड वाटतं. पण जे मूल न लाजता नाव सांगू शकतं, ते न लाजता मदतही मागू शकतं.

केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १३ राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलणं झालं होतं. ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी प्रत्येक शिक्षकाने मनात कोरून ठेवाव्यात असं मला वाटतं. पहिली, निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा माणूस मुलाच्या ओळखीचा किंवा विश्वासातला होता. दुसरी, सोसणाऱ्यांमध्ये मुलग्यांची संख्या निम्म्याहून थोडी जास्तच होती. आपली सगळी काळजी मुलींभोवती फिरते. मुलगा गप्प झाला, चिडका झाला, अचानक दुसऱ्या मुलांना मारू लागला, तर तो 'वांड झाला' एवढंच आपण म्हणतो. मुलासारखा मुलगा असून रडतोस काय, हे ऐकत वाढलेला मुलगा पोट दुखतं असंसुद्धा सांगत नाही.

विश्वासातला माणूस म्हणजे नेमकं काय, हे गोव्याने फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा एक वयस्कर गृहस्थ निराधार मुलग्यांसाठी वसतिगृह चालवायचा. लोक त्याच्याकडे सेवाभावी माणूस म्हणून पाहत. १९९१ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा त्या घरात मुलांवर काय काय झालं हे बाहेर आलं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बालक कायदा केला, देशव्यापी कायदा येण्याच्या कितीतरी आधी. मुलांना त्रास देणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. उलट तो मुलांना आवडेल असंच वागतो. फुकट शिकवणी घेतो, गोळ्या-चॉकलेट देतो, आईबापांची अडलेली कामं करून देतो. तो सवलतींनी मुलाला आणि उपकारांनी पालकांना बांधून ठेवतो. म्हणून मुलांना 'अनोळखी माणसाकडून काही घेऊ नको' एवढंच शिकवणारी शाळा त्यांना अर्धाच धोका दाखवते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला जे घडलं ते महाराष्ट्र विसरणार नाही. शिशुवर्गातल्या, जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच आवारात अत्याचार झाल्याची तक्रार होती. आरोपी त्याच महिन्यात कामावर लागलेला कंत्राटी सफाई कामगार होता. पालकांना पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला संतापलेले लोक रेल्वे स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल अडली. दोन दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही, मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली, गुन्हा नोंदला गेला, कारण होतं माहिती पोलिसांना न देणं. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलीस वाहनात गोळी लागून मेला. त्यामुळे न्यायालयात साक्षीपुरावा होऊन त्याच्याबद्दलचं सत्य ठरायचं ते राहूनच गेलं. मला या साऱ्यात सर्वांत जास्त छळते ती गोष्ट मोर्च्याच्या आणि गोळीच्या आधीची आहे. चार वर्षांच्या मुलींनी घरी सांगितलं. मोडक्यातोडक्या शब्दांत, दुखतंय म्हणत, पण सांगितलं. घरच्यांनी ऐकलं, डॉक्टरांकडे नेलं. मुलं बोलली. अडलं ते सगळं त्यानंतर, मोठ्यांच्या दालनांत.

पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, लागू झाला. शिक्षकांच्या दृष्टीने त्याचं काळीज कलम १९ मध्ये आहे. असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा तो होण्याची शक्यता ज्याला जाणवली, त्या कुणीही स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. इथे इच्छेचा प्रश्न नाही. कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवत असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने दिलेली माहिती पुढे चुकीची ठरली तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही कायदाच सांगतो.

आता हे एखाद्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंच्या जागी उभं राहून वाचा. नोकरी लागल्यापासून त्यांना एक गोष्ट शिकवलेली आहे, पत्रव्यवहार योग्य मार्गाने करावा. रजेचा अर्ज असो, गळक्या छपराची तक्रार असो, कागद मुख्याध्यापकांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. त्यामुळे मुलीने काही भयंकर सांगितलं तरी बाईंचे पाय आपोआप मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळतात आणि आपलं काम झालं असं त्यांना वाटतं. कलम १९ ला असा मार्ग ठाऊकच नाही. ते कर्तव्य बाईंचं स्वतःचं आहे, आणि मुख्याध्यापकांनी 'बघतो' म्हटल्याने ते संपत नाही. ज्याच्याबद्दल मुलगी बोलते आहे तो माणूस खुद्द मुख्याध्यापक, संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा किंवा सरपंचाचा भाऊ असेल, तेव्हा योग्य मार्ग हा दडपण्याचाच मार्ग ठरतो. मग गावात बैठक बसते. मुलीचं नाव खराब होईल, पुढे लग्नाला अडचण येईल, शाळेचं नाव जाईल, पट कमी होईल, आपसांत मिटवून टाकू. या सगळ्या बोलण्यात मुलगी सोडून प्रत्येकाच्या नावाची काळजी असते. गुन्हेगाराची बदली होते आणि तो दुसऱ्या गावातल्या मुलांपुढे उभा राहतो.

शाळेचा हेतू चांगला असला तरी आणखी एक चूक सर्रास होते. शाळा स्वतःच चौकशी करू लागते. मुलीला कार्यालयात बोलावतात, समोर पाच-सहा मोठी माणसं, आणि प्रश्नांची सरबत्ती. त्याने हात लावला का? कुठे लावला? खरं सांग हं! आणि मग, सगळ्यांत वाईट, त्या माणसालाच बोलावून समोरासमोर विचारणं. यात मुलीचे हाल होतातच, पण पुढे न्यायालयात टिकणारं सत्यही तिथेच मोडतं. कसं, हे समजून घ्यायला जरा लांब, अमेरिकेत जावं लागेल.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीबद्दल एका आईने अशीच अत्याचाराची तक्रार केली. मग शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. मुलाखती घेणाऱ्यांना मुलांची कळकळ होती, पण प्रश्न असे की उत्तर प्रश्नातच दडलेलं. दुसरी मुलं सांगतायत, तूही सांग, तू तर हुशार आहेस. मुलांच्या बोलण्यात हळूहळू अशक्य गोष्टी येऊ लागल्या. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. तिथे मुळात काय घडलं होतं, काही घडलं होतं का, हे आता कुणालाच निश्चित सांगता येणार नाही. त्या प्रश्नांनी ते पुसून टाकलं.

त्यानंतर मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा कसून अभ्यास केला. मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सेसी यांचा १९९५ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सॅम स्टोन नावाचा एक माणूस बालवाडीत येतो, दोन मिनिटं थांबतो, मुलांना नमस्कार-चमत्कार करून जातो. तो कशालाही हात लावत नाही. काही मुलांना तो यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की सॅम फार वेंधळा आहे, आणि तो गेल्यावर काही आठवडे पुन्हा पुन्हा असं विचारलं होतं की जणू त्याने पुस्तक फाडलं आणि खेळण्यातलं अस्वल मळवलं. शेवटी एका नव्याच माणसाने विचारलं तेव्हा त्या गटातल्या तीन-चार वर्षांच्या ७२ टक्के मुलांनी सॅमने यातलं काहीतरी केल्याचं सांगितलं. ज्या मुलांच्या कानावर आधी काहीच घातलं नव्हतं, ती मात्र मोकळेपणी सांगायला लावल्यावर जे झालं तेवढंच सांगत राहिली. या प्रयोगावरून 'मुलं खोटं बोलतात' असा अर्थ काढणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी मी प्रत्येक वेळी भांडलो आहे. अर्थ अगदी उलट आहे. मुलाच्या तोंडात शब्द घातले नाहीत तर लहान मूलही उत्तम साक्षीदार असतं.

म्हणून बाईंनी करायचं ते थोडं आहे, आणि ते थोडंच फार अवघड आहे. मुलीच्या उंचीला खाली बसायचं. हातातलं काम ठेवून द्यायचं. "बरं, मग?" "अजून सांगायचंय काही?" याच्या पुढे जायचं नाही. 'का' विचारायचं नाही. तू का गेलीस, आधी का नाही सांगितलंस, या प्रत्येक 'का'मध्ये मुलाला आपली चूक ऐकू येते. चेहऱ्यावर धक्का दिसू द्यायचा नाही, कारण मूल आपला चेहरा वाचतं आणि बाईंना हे सोसवत नाही असं दिसलं की थांबतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर चुकूनही द्यायचं नाही. ते वचन पाळता येणार नाही, आणि मोठी माणसं वचन मोडतात हे त्या मुलीला आधीच ठाऊक झालेलं आहे. सांगायचं ते एवढंच: तू सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी चूक नाही, तुला मदत करणाऱ्या माणसांना मला हे सांगावं लागेल. मग एकटं बसून मुलीचे शब्द जसेच्या तसे लिहून काढायचे, तारीख-वेळ घालून. ती 'शूची जागा' म्हणाली असेल तर 'शूची जागा'च लिहायचं. आपल्या शुद्ध भाषेत ते सुधारलं की त्यातली मुलगी निघून जाते.

पुढचं काम पोलिसांचं. त्यातही मुलांना जपणारी कितीतरी कलमं आहेत, पण ती पालकांना माहीत नसल्याने ते पोलीस ठाण्याला घाबरतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने. अधिकारी गणवेशात नको. मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत हवं. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. मुलाचं नाव, शाळा, पत्ता, कशावरूनही ओळख बाहेर येऊ द्यायची नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. हे घडत नसेल तर मागून घ्यायचं, आणि मागण्यासाठी आधी माहीत असायला हवं. थेट पोलिसांत जायला पाय धजत नसेल तर १०९८ आहे. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी सुरू झाली. नंबर लहान मुलाच्या तोंडात बसावा असा आहे, दस-नौ-आठ, उलटे आकडे मोजल्यासारखा. माझ्या मते तो पाढ्यांच्या तक्त्याशेजारी रंगवलेला असावा आणि पाढ्यांसारखाच पाठ करून घेतलेला असावा.

इथे थोडं विषयांतर वाटेल असं बोलतो, पण ते विषयांतर नाही. कान पिरगाळणं, अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारणं, हे सगळं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. २००७ च्या त्याच अभ्यासात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. मीही खाल्ला आहे. गृहपाठाच्या वहीवर डाग पडला म्हणून गालावर उठलेली बोटं घेऊन घरी गेलो, आणि घरी काय सांगितलं? पडलो. आठ वर्षांच्या वयात मी शाळेला वाचवलं. मारातून मूल हे शिकतं की मोठ्या माणसाचा हात माझ्या शरीरावर कुठेही येऊ शकतो आणि मी गप्प उभं राहायचं असतं. ज्या वर्गात सकाळी छडी वाजते त्याच वर्गात दुपारी 'नको असलेल्या स्पर्शाला मोठ्याने नाही म्हणा' हा तास घेतला जातो. मुलाने कशावर विश्वास ठेवावा?

बदलापूरनंतर सरकारने कडक आदेश काढले. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती. पडताळणी तर २०२० च्या पॉक्सो नियमांतच होती, आणि कायम, कंत्राटी, शिकवणारे, न शिकवणारे, सगळ्यांसाठी होती. ती वेळच्या वेळी व्हायलाच हवी. कॅमेराही असावा. पण स्वच्छतागृहात तो लावता येत नाही, नातेवाइकाच्या घरी तर नाहीच, आणि त्याचं चित्रण रोज कुणी पाहत नाही. तक्रारपेटीकडे मात्र मी प्रत्येक शाळेत जाऊन पाहतो. बहुतेक ठिकाणी ती कार्यालयाच्या दाराशी असते, म्हणजे चिठ्ठी टाकताना सगळ्यांना दिसावं अशी. उंचीही मोठ्या माणसाच्या छातीएवढी. पहिली-दुसरीच्या ज्या मुलांना तिची सर्वांत जास्त गरज, त्यांना जोडाक्षरंही नीट लिहिता येत नाहीत. एका शिक्षिकेने यावर केलेला उपाय मला फार आवडला. तिने पेटीशेजारी रंगीत कागदाचे तुकडे ठेवले. मुलाने आपल्या चित्राचा शिक्का असलेला तुकडा आत टाकायचा, काही लिहायचं नाही, मग बाई कधीतरी त्याच्याशी एकटीने बोलतात.

सखी सावित्री समितीचा शासन निर्णय १० मार्च २०२२ चा आहे. तिच्यात महिला शिक्षक, डॉक्टर, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, पालक आणि शाळेतली मुलं-मुलीही आहेत. रचना विचारपूर्वक केलेली आहे. पुष्कळ शाळांत ती फलकावर नावं रंगवून थांबते, हे खरं. पण जिथे ती बसते तिथे अंगणवाडीताई सांगते की त्या घरात सध्या कोण राहायला आलंय, पोलीस पाटलाला माहीत असतं की कुठल्या व्हॅनचा चालक बदललाय, आणि शाळेत खिचडी शिजवणारी ताई सांगते की अमुक मुलगा आठवडाभर ताटातलं काही खात नाही. खिचडी वाढणाऱ्या ताईला समितीत जागा नाही, ती द्यायला हवी. रोज प्रत्येक मुलाच्या तोंडाकडे बघणारी शाळेतली ती कदाचित एकटीच असेल.

मागे एका दोन शिक्षकी शाळेत गेलो होतो. बाईंनी दुसरी ते चौथीच्या मुलांना शाळेचा नकाशा काढायला सांगितला होता. आवडती जागा हिरवी, नावडती लाल. कारण लिहायचं नाही, नाव घालायचं नाही. सत्तावीस नकाशे जमिनीवर मांडले होते. झेंड्याचा कट्टा हिरवा, चिंचेचं झाड हिरवं, कार्यालय बऱ्याच जणांचं लाल, त्यावर बाई आणि सर दोघेही थोडा वेळ गप्प झाले. आणि पाण्याच्या टाकीमागची स्वच्छतागृहाकडे जाणारी बोळ, एकोणीस नकाशांत लाल. आम्ही तिघं उठून तिथं गेलो. बोळ इतकी अरुंद की मोठा माणूस समोरून आला तर मुलाने भिंतीला चिकटावं. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून लागत नव्हती, आणि होती तीही बाईंच्या खांद्याच्या उंचीला. बोळीचं दुसरं टोक कुंपणाच्या तुटलेल्या तारेतून थेट रस्त्यावर उघडत होतं. सर म्हणाले, सात वर्षं झाली मला इथे, मी या बाजूला आलोच नाही. मग त्यांनी गावातल्या सुताराला फोन लावला, आणि बाई गुडघ्यांवर बसून, हात सरळ पुढे धरून, नवी कडी किती उंचीवर हवी याची दारावर खडूने खूण करू लागल्या.